ज्वारीतला ऑसिलेटर

पूर्णा
रविवार, १८ जानेवारी १९७६

दादा, जयभीम.

माझं अक्षर पाहून घरी काही झालं असं तुला वाटेल. काही झालेलं नाही. माय बरी आहे. मी परभणीला एका महाविद्यालयाच्या उपकरण कार्यशाळेत नोकरी करते. सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळच्या गाडीने परत येते.

माझं तुझ्याकडे काम आहे. तू फौजेत सिग्नल्समध्ये आहेस, मोर्स कानाने वाचतोस. मी तो पुस्तकातून शिकले, त्यामुळे अक्षरं ओळखता येतात पण वेग झेपत नाही. सोबतच्या कागदावर आज सकाळी ऐकलेली टिंबं आणि रेघा जशा ऐकल्या तशा उतरवल्या आहेत. सुटलं तिथे जागा कोरी ठेवली आहे. त्यात काय आहे ते वाचून कळव.

कुठून ऐकलं तेही सांगायला हवं, नाहीतर तू कागद बाजूला ठेवशील. ऑस्कर नावाचा एक लहानसा उपग्रह आहे. हौशी रेडिओवाल्यांनी तो स्वतः जोडला आणि एका मोठ्या उपग्रहाच्या रॉकेटवर जागा मागून वर पाठवला. साडेएकोणतीस मेगासायकलच्या आसपास तो एक दिवसाआड मोर्समध्ये आकडे पाठवतो. आमच्या ग्रंथालयात एक परदेशी मासिक उशिरा का होईना येतं, त्यात त्याच्या फेऱ्यांचा तक्ता असतो. पुढचा हिशेब मी केला. मला फक्त रविवार मोकळा, त्यामुळे दोन रविवारांतून एक सकाळ मिळते.

घरचा रेडिओ इतक्या वर पोचत नाही. म्हणून त्याच्या पुढे एक कन्व्हर्टर बांधला. त्यातला ऑसिलेटर अठ्ठावीस मेगासायकलची लहर तयार करतो, आकाशातून आलेली लहर तिच्यात मिसळते, आणि दोन्हींमधला फरक आपल्या मीडियम वेव्हच्या टोकाला येऊन पडतो. पण ही लहर मुकी असते. तिला आवाज मिळावा म्हणून शेजारच्या धुरपताबाईंचा ट्रान्झिस्टर मागून आणला. प्रत्येक रेडिओच्या पोटात एक ऑसिलेटर असतोच. त्यांचा रेडिओ डायलवर एका रिकाम्या जागी लावून आपल्या रेडिओला टेकवला, की त्याची लहर इकडे गळते आणि मुक्या लहरीची शिटी होते.

धुरपताबाई दारातच उभ्या होत्या.

"माझा रेडिओ गप बसवायचा आन् तुझा बोलणार, व्हय गं?"

"वीस-पंचवीस मिनिटं फक्त, मावशी."

"रविवारची गाणी जायलीत की माझी! आन् ते वर फिरायलंय ते गाणं तरी म्हणतंय का?"

"आकडे म्हणतं."

"घ्या! आकड्यापायी माझी गाणी घालवली पोरीनं."

आता जे ऐकलं ते. आधी खरखर होती. मी एरियलची तार काढली, खरखर कमी झाली. लावली, वाढली. रेडिओ तोच, ट्रान्झिस्टरही तोच. म्हणजे ती जास्तीची खरखर बाहेरून येते. या पट्ट्यात तिचा मोठा भाग आकाशगंगेकडून येतो असं पुस्तकात आहे. ते मी परीक्षेत लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते. आज तार काढली, लावली, काढली, लावली. किती वेळ, ते लिहीत नाही.

मग त्या खरखरीतून एक बारीक शिटी वर आली आणि मोर्स बोलू लागली. बोलता बोलता तिचा सूर उतरत गेला. रुळाजवळ उभं असताना गाडी पुढून निघून गेली की इंजिनाची शिटी जशी उतरते, तशी, पण फार सावकाश. माझ्या कानात त्या वस्तूचा वेग होता. दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

सत्तर सालाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण त्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. आपण दोघं एकाच वर्षी मॅट्रिक झालो. आबा म्हणाले, गँगमनच्या पगारात वसतिगृहात एकच जण राहील. माझे गुण जास्त होते, मी गेले. आठवड्याभरात तू भरतीला गेलास आणि परत आला नाहीस. मी माफी मागत नाही, तूही मागू नकोस. घरातला पहिला रेडिओ, तो स्फटिकाच्या खड्याचा, सेलशिवाय चालणारा, तू बनवला होतास, हे मी विसरलेले नाही.

कागद परत पाठव. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

यशोधरा


पूर्णा
रविवार, १५ फेब्रुवारी १९७६

दादा, जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी दोन वाक्यं: "ऑसिलेटर सरकतोय. आधी तो बांधून ठेव."

कार्ड मायच्या हातात पडलं होतं. मी गाडीतून उतरून घरी आले तर ती दारात बसलेली.

"सूर्यभानचं हाय. काय लिव्हलंय?"

"ऑसिलेटर सरकतोय."

"म्हंजे बरा हाय का?"

"त्याबद्दल काही नाही."

"आन् म्या कशी हाय, ते इचारलंय?"

"नाही."

"अक्षर त्याचंच हाय ना पण?"

"त्याचंच आहे."

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. कार्ड तिने घेतलं. ते आता माझ्याकडे नाही.

पहिल्यांदा मला तुझा राग आला. दोन दिवसांनी मी हिशेब मांडला. तुझं म्हणणं खरं असू शकतं. घर पत्र्याचं. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन पत्र्यावर येतं आणि खोली तापू लागते. कॉइलची तार किंचित लांबते, कपॅसिटर किंचित बदलतो, आणि अठ्ठावीस मेगासायकलवर त्या किंचितचेही हजारो सायकल होतात. उपग्रहाच्या वेगामुळे सूर जेवढा उतरायला हवा, त्याहून जास्त तर माझा ऑसिलेटर एकटाच सरकू शकतो. वाईट म्हणजे माझ्या जोडणीत सरकण्याची दिशाही तीच येते. मला जो उपग्रहाचा वेग वाटला, तो पत्र्यावरचं ऊन असू शकतं.

तेव्हा मी काय ऐकलं ते मला माहीत नाही. हे लिहायला मला आवडत नाही, पण आजची स्थिती ही आहे.

ऑसिलेटरकडे मात्र मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्याकडे दर जयंतीला भोंगा किंचाळतो, तुला आठवत असेल. माईकमधलं भोंग्यात जातं, भोंग्यातलं पुन्हा माईकमध्ये, फिरत फिरत वाढतं, आणि कोणी बोलत नसताना शिटी सुरू होते. ऑसिलेटर म्हणजे तेच, फक्त मुद्दाम केलेलं. ॲम्प्लिफायरचं थोडं बाहेर आलेलं पुन्हा आत द्यायचं. शिकताना आम्ही त्याची अट पाठ केली होती: फेरी पुरी झाल्यावर लहर जेवढी निघाली निदान तेवढी परत यावी, आणि ठेक्यात यावी. पण पहिली लहर कोण देतं, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीही नाही.

कोणीच देत नाही. कोणत्याही तारेत, तिच्या नुसत्या उबेने, इलेक्ट्रॉन सतत थरथरत असतात. त्या थरथरीत सगळे सूर एकदम असतात, अगदी बारीक. कॉइल आणि कपॅसिटर त्यातला एक निवडतात, फेरी तो मोठा करते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथे एक शुद्ध लहर उभी असते. कार्यशाळेच्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ती लहर पाहत मी सेलचं बटण दाबत होते, सोडत होते. दर वेळी काहीच नसलेल्या जागी ती पुन्हा उभी राहायची. आमचे साहेब दिनकरराव मागे येऊन म्हणाले, "सेल संपवणार आहात का, बाई?" मी म्हटलं, चाचणी चालू आहे. त्यांनी थोडं पाहिलं आणि म्हणाले, "आता एकदा मला दाबू द्या."

आज एरियलवर धुरपताबाईंचं ओलं लुगडं वाळत होतं. सूर मिळालाच नाही. मी बोलले तर म्हणतात, "एवढी चांगली तार बांधलीस, मला वाटलं आमच्यासाठीच बांधली."

ऑसिलेटर बांधून ठेवते. कळवीन.

यशोधरा


पूर्णा
रविवार, १४ मार्च १९७६

दादा, जयभीम.

दुसरं कार्ड मिळालं. कपॅसिटर अभ्रकाचा आहे, सिरॅमिकचा नाही. कॉइलला मेण लावलं आहे. ऑसिलेटरला वेगळा सेल दिला आहे. तू विचारलेलं एवढंच नाही, शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे येते. आधी ऑसिलेटर.

त्याला अशी जागा हवी होती जिथे सकाळ झाल्याचं कळत नाही. कार्यशाळेत यासाठी तापमान राखणारी भट्टी वापरतात, ती मला घरी आणता येत नाही. घरात अशी एकच जागा आहे: जमिनीत अर्धा पुरलेला मायचा ज्वारीचा रांजण. ऑसिलेटर पत्र्याच्या डब्यात बंद केला, तार बाहेर काढली आणि डबा ज्वारीत खोल पुरला.

माय म्हणाली, "धान्यात काय पुरायलीस? उगवणार हाय का ते?"

"तिथे ऊन-थंडी लागत नाही."

"मला लागतीया ऊन-थंडी. मला बी पुर."

शनिवारी डबा पुरला, सेल लावून ठेवला. सकाळपर्यंत तो ज्वारीइतकाच थंड आणि शांत व्हायला हवा होता. रविवारी रेडिओ लावला, जिथे सूर असायला हवा तिथे काही नाही. वर-खाली सगळं शोधलं. रांजणात हात घातला तर डबा नाही. डबा चुलीशेजारी, फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

"दळणाला ज्वारी काढाया गेले," माय म्हणाली, "तर हाताला गार लागलं. रातभर गारठलं असंल बिचारं, म्हनून जरा शेकाया ठिवलं."

तिच्या दृष्टीने त्या डब्यात काहीतरी जिवंत होतं आणि त्यावर तिने योग्य तोच उपाय केला होता. पुढच्या खेपेला दळण आधीच काढून घेतलं. ती रांजणापाशी राखण केल्यासारखी बसली आणि धुरपताबाईंना लांबूनच म्हणाली, "आत येऊ नका, सूर्यभानचं यंत्र निजलंय." यंत्र माझं आहे हे मी सांगितलं. ती म्हणाली, "तुझंच गं. पर कार्ड तर त्याचंच येतंय ना."

आज सकाळी उपग्रहाच्या आधी तासभर मी नुसता ऑसिलेटर तपासला. जवळजवळ हलत नाही. मग ठरल्या वेळी शिटी आली आणि तरीही तिचा सूर उतरला. आधी सावकाश, मध्ये भराभर, शेवटी पुन्हा सावकाश. ऊन असं वागत नाही. ऊन चढतच जातं.

माझी खात्री झाली आहे. पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हे तू लिहिण्याआधी मीच लिहिते. पुरावा एकच आहे. तुझ्या छावणीत हौशी रेडिओचा क्लब आहे असं तू लिहिलंस. हा उपग्रह इतक्या उंचीवरून जातो की एकाच वेळी तुलाही दिसतो आणि मलाही. रविवारी, ११ एप्रिलला, तो सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाईल. आधी तुझ्या डोक्यावरून, मग माझ्या. आकाशवाणीच्या सकाळच्या टोल्यांवर घड्याळ लाव. आकडे उतरव आणि सूर सगळ्यात जोरात कधी घसरला ती वेळ टिपून ठेव. मी इथे तेच करीन. आपण एकमेकांना काही न कळवता कागद पाठवायचे. सूर माझ्या घरचा असेल तर तुला काहीच ऐकू येणार नाही.

आता ती ओळ. आबांना शेवटी त्रास झाला का, असं तू विचारलं आहेस. आबा गेल्याची तार तुला उशिरा मिळाली की मिळूनही तू आला नाहीस, ते मी विचारत नाही. त्रास झाला, पण फार वेळ नाही. दुपारची वेळ होती. ते शेवटचं काय बोलले हे तुला हवं असेल तर, त्यांनी मनमाडची गाडी गेली का असं विचारलं. मी हो म्हटलं. तुझं नाव त्या दिवशी त्यांनी घेतलं नाही. त्याआधी रोज घेत होते, आणि बहुतेक वेळा मला हाक मारताना चुकून. यात मी काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही.

यशोधरा


पूर्णा
रविवार, २५ एप्रिल १९७६

दादा, जयभीम.

तुझा कागद गुरुवारी आला. पाकीट उघडण्याआधी मी माझा कागद काढून समोर ठेवला, म्हणजे नंतर त्यात काही दुरुस्त करण्याचा मोह नको.

मग दोन्ही शेजारी ठेवले.

उपग्रह आकडे ओळींनी पाठवतो आणि प्रत्येक आकड्याचा पहिला अंक त्या ओळीचा असतो, हे तूच माझ्या पहिल्या कागदावरून शोधलंस. त्यामुळे कुठला आकडा कुठे बसतो ते कळतं. सुरुवातीला तुझ्याकडे सगळं स्वच्छ आहे आणि माझ्याकडे भोकं. तेव्हा तो माझ्या उत्तरेच्या क्षितिजावर अगदी खाली होता. मधल्या ओळी दोघांकडे आहेत. शेवटी तुझा कागद थांबतो, तू "डोंगराआड गेला" असं लिहिलं आहेस, आणि माझ्या ओळी पुढे चालू राहतात. मधल्या ओळींवर मी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. आधी तुझा, मग माझा, पुन्हा तुझा. दोन ठिकाणी फरक आहे. दोन्ही ठिकाणी चूक माझी असणार, तुझं लिखाण वाहतं आहे आणि माझं अडखळलेलं.

बाकी सगळं तेच आहे.

त्यातला एक आकडा त्याच्या आतल्या तापमानाचा आहे. मासिकातल्या सूत्राने मी तो सोडवला. तो तिथे वर, हवा नाही अशा जागी, उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जातो आणि आपण किती तापलो ते खाली सांगत राहतो. ऐकणारं कोणी आहे की नाही हे त्याला कळत नाही. मी इथे ऑसिलेटर गार राहावा म्हणून महिनाभर धडपडले, म्हणून की काय, त्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले.

मग वेळा. तुझ्याकडे सूर आधी घसरला, माझ्याकडे नंतर. मी नकाशावर तुझ्या-माझ्यातलं अंतर मोजलं, उपग्रहाच्या वेगाने भागलं, आणि जो फरक यायला हवा होता तोच आपल्या दोन घड्याळांमध्ये आहे. काही सेकंद इकडे-तिकडे, तेवढी आपल्या हातांची चूक धरते. माझा ऑसिलेटर सरकत असता तर त्याने तुझ्या सेटमधला सूर घसरवला नसता, आणि तोही बरोबर तेवढ्या मिनिटांनी आधी. दादा, तो खरंच वर आहे. आणि तुझ्या डोक्यावरून निघून तो माझ्या डोक्यावर यायला, चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. सहा वर्षं मला हे अंतर फार मोठं वाटत होतं. नकाशावर ते अजून तेवढंच आहे.

तू खाली लिहिलंस, "२५ ला पुन्हा ऐकतो. ऑसिलेटर चांगला बांधलास." पहिलं वाक्य मी मायला वाचून दाखवलं. दुसरं माझ्यापाशी ठेवलं.

आज सकाळी ती, मी ऐकताना कानाला लावते तो हेडफोन मागायला आली. याआधी तिने कधी मागितला नव्हता. तिला खरखर ऐकवली, म्हटलं यातलं पुष्कळ ताऱ्यांकडून येतं. "एवढ्या लांबून आन् नुसती खरखर?" म्हणाली. धुरपताबाई दारात बसल्या होत्या, आता त्या आपणहून रेडिओ घेऊन येतात. मग शिटी आली. माय दचकली. हात हेडफोनवर दाबून धरले.

"हे कोण बोलायलंय?"

"तो वरचा."

"सूर्यभानला बी ऐकू यायलंय का आत्ता?"

"हो."

"आत्ता? म्हंजे ह्याच टायमाला?"

"आत्ता, माय. तो पण असाच कानाला लावून बसला असेल."

"हेच?"

"हेच."

"मंग गप ऱ्हावा समदी," ती म्हणाली. धुरपताबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

आकडे उतरवायचे राहिले. हेडफोन एकच आहे. आजच्या दिवसाचा माझा कागद पूर्ण कोरा आहे, तू तुझा पाठव. ती डोळे मिटून बसली होती. सूर घसरू लागला तसा तिने मान किंचित तिकडे वळवली, जणू कोणी दारातून बाहेर निघालं आहे. मी घड्याळ पाहत होते. तुझ्याकडे तो डोंगराआड गेला असेल तेव्हा मी तिला खूण केली, आता त्याला ऐकू येत नाही. तिने हाताने मला थांबवलं. पार शेवटपर्यंत, शिटी खरखरीत बुडेपर्यंत ऐकलं, आणि त्यानंतरही हेडफोन काढला नाही.

मग म्हणाली, "त्याला इचार, कधी यायलाय."

मी म्हटलं, यातून विचारता येत नाही, हे नुसतं ऐकायचं यंत्र आहे.

"मंग पत्रात इचार की. तुला लिव्हायला येतंय ना?"

येतं. म्हणून विचारते. कधी येतोस?

यशोधरा